हिमोग्लोबिन कमी आलं? लोहाच्या गोळीआधी सीबीसी नीट वाचा

सोसायटीतलं आरोग्य शिबिर असो, नव्या नोकरीआधीची तपासणी असो किंवा डॉक्टरांनी अशक्तपणासाठी लिहून दिलेली चाचणी असो, सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो. घरातले सगळे तो उघडतात, ठळक छापलेला एकच आकडा बघतात आणि निकाल लावून टाकतात: हिमोग्लोबिन ११.४, म्हणजे लोह कमी. मग बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकांच्या बाबतीत हा अंदाज बरोबरही ठरतो, कारण लोहाची कमतरता आपल्याकडे खरोखरच घरोघरी आहे. पण काहींचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं अकरा-साडेअकरालाच अडून राहतं आणि कितीही गोळ्या घेतल्या तरी हलत नाही. अशांपैकी कित्येकांच्या बाबतीत कारण ताटात शोधून सापडत नाही, ते जनुकात असतं.

या अवस्थेला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. मायनर असणं हा आजार नव्हे. माणूस नोकरी करतो, ठाण्याजवळच्या येऊरचा चढ चढतो, म्हातारा होतो आणि अनेकदा त्याला याचा पत्ताही लागत नाही. प्रश्न येतो तो पुढच्या पिढीत. नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येऊ शकतं, आणि त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला एका साध्या रक्तचाचणीने कळू शकतं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की पेशी, जनुक आणि शरीरक्रिया हे तिन्ही धडे आपल्या स्वतःच्या सीबीसीवर जितके पक्के होतात तितके पुस्तकातल्या आकृतीवर होत नाहीत.

आपल्या ठाण्यात हा विषय जवळचाही आहे. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी कमी बनणाऱ्या प्रकाराचे) वाहक, म्हणजेच मायनर, आहेत, आणि सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर आपल्याच जिल्ह्यात आहे, कोपरीत सिंधी वस्ती आहे, मुलुंडपासून घोडबंदर रोडपर्यंत कच्छी-गुजराती घरं आहेत. वारल्यांसारख्या आदिवासी समाजांत याच बीटा साखळीच्या जनुकातल्या दुसऱ्या बदलामुळे होणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. आणि मराठी घरांतून नेहमी येणारं ‘आमच्यात नसतं हो असलं काही’ हे उत्तर चुकीचं आहे. मराठी घरांतही वाहक सापडतात. फक्त कोणी शोधलेले नसतात.

आधी ती पेशी ओळखून घ्या

सीबीसीमधले बहुतेक आकडे एकाच पेशीबद्दल असतात, ती म्हणजे तांबडी पेशी. ती अस्थिमज्जेत तयार होते आणि रक्तात उतरण्याआधी स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते. त्यामुळे तिच्यात डीएनए नसतो, ती विभागू शकत नाही, नवी प्रथिनं बनवू शकत नाही. जवळ असलेल्या सामग्रीवर ती साधारण १२० दिवस काढते. तिच्यात सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरलेले असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा, आणि प्रत्येक साखळीत लोहाचा एक अणू धरून बसलेला हीम. फुप्फुसात ऑक्सिजन चिकटतो तो या लोहाला.

म्हणजे हिमोग्लोबिन बनायला दोन गोष्टी लागतात: लोह आणि साखळ्या. लोह आहारातून येतं, साखळ्या जनुकांवरून बनतात. दोहोंपैकी काहीही कमी पडलं तरी पेशी लहान आणि फिकट होते, आणि म्हणूनच एकट्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर हे फार सुंदर दिसतं. निरोगी तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते आणि मधला साधारण एक तृतीयांश भाग फिकट दिसतो. तिचा आकार मोजायला पट्टी लागत नाही. शेजारी एखादी लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शोधायची आणि तिच्या जांभळ्या केंद्रकाशी तांबडी पेशी ताडून बघायची. दोन्ही जवळपास सारख्या असतात. मायनर माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी त्या केंद्रकापेक्षा स्पष्ट लहान दिसतात, मधला फिकटपणा पसरलेला असतो, आणि अधूनमधून एखादी पेशी मधोमध गडद ठिपका असलेली, नेमबाजीच्या निशाणासारखी दिसते. तिला टार्गेट सेल म्हणतात. रिपोर्टच्या तळाशी ‘मायक्रोसायटिक, हायपोक्रोमिक’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच: लहान आणि फिकट.

नमुना देताना

सीबीसीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं जातं, तिच्यात गोठू न देणारं ईडीटीए असतं. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने उलटसुलट केली जाते, तसं झालं नाही तर बारीक गाठी धरतात आणि पेशींची मोजणी चुकते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर लॅबमध्ये आवर्जून सांगा, कारण नळीत दुसऱ्याच्याही पेशी असतील.

आता हे चार आकडे एका कागदावर उतरवा

पहिला हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने डेसिलिटरमागे प्रौढ पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत ११ (मधल्या तिमाहीत १०.५) ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात.

दुसरा एमसीव्ही, म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये असतं आणि प्रौढांत साधारण ८० ते १०० च्या दरम्यान. त्याच्या खालीच बहुधा एमसीएच छापलेला असतो, एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, पिकोग्रॅममध्ये. एमसीएच २७ च्या खाली आणि एमसीव्ही ८० च्या खाली असेल तर पुढे वाचा.

तिसरा आरबीसी काउंट, एका घनमिलिमीटरमधल्या तांबड्या पेशी, दशलक्षांत. सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा हाच. लोह कमी असेल तर मज्जेला मालच मिळत नाही, त्यामुळे पेशी लहान होतात आणि संख्याही घटते. मायनर माणसाकडे लोह असतं, फक्त प्रत्येक पेशीत साखळ्या कमी भरल्या जातात. मूत्रपिंडाला ऑक्सिजनची तूट जाणवते, ते एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि मज्जा जास्त पेशी काढते. म्हणून हिमोग्लोबिन कमी पण आरबीसी मात्र ५ च्या वर, असं उलटं चित्र दिसतं. ‘रक्त कमी आहे’ म्हणावं तर पेशी नेहमीपेक्षा जास्त!

चौथा आरडीडब्ल्यू, पेशींच्या आकारातली तफावत. लोहाच्या कमतरतेत जुन्या मोठ्या आणि नव्या लहान पेशी एकत्र असतात, म्हणून तो वाढतो. मायनरमध्ये सगळ्याच पेशी सारख्या लहान, त्यामुळे तो बहुधा मर्यादेत राहतो. हा आकडा साथ देणारा समजा, त्यावर एकट्यावर विसंबू नका.

मग एक भागाकार करायचा: एमसीव्ही भागिले आरबीसी. याला मेंटझर इंडेक्स म्हणतात, १९७३ मध्ये सुचवला गेलेला. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा.

दोन नमुने घेऊ, दोन्ही समजावण्यासाठी मी तयार केलेले. पहिल्यात हिमोग्लोबिन ११.७, आरबीसी ५.९, एमसीव्ही ६४. भागाकार १०.८. दुसऱ्यात हिमोग्लोबिन ८.८, आरबीसी ४.१, एमसीव्ही ७०. भागाकार १७. पहिल्या रिपोर्टकडे बघून घरचे म्हणतील, जरासंच कमी आहे, खजूर खा. पण हिमोग्लोबिन इतकं थोडं खाली असताना पेशी इतकी लहान असणं हीच खूण आहे. लोहाच्या कमतरतेत एमसीव्ही ६४ पर्यंत उतरायचा तर हिमोग्लोबिन सहसा त्याच्या बरंच आधी कोसळलेलं असतं.

हा भागाकार निदान नव्हे. लोह कमी असलेले मायनर असतात, तेव्हा दोन्ही चित्रं मिसळतात आणि उत्तर भलतंच येतं. पुढची चाचणी मागायला हे पुरेसं कारण आहे, एवढाच त्याचा उपयोग.

लोह खरंच कमी आहे का, ते मोजा

त्यासाठी फेरिटिनची चाचणी. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, आणि रक्तातल्या त्याच्या पातळीवरून साठ्याचा अंदाज येतो. मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा रिकामा होत आलाय असं धरतात. एक अडचण आहे: ताप, संसर्ग, सूज असताना फेरिटिन वाढतं आणि रिकामा साठाही भरलेला दिसतो. डेंगी-मलेरियाच्या हंगामात तापातून उठल्या उठल्या केलेल्या फेरिटिनवर भरवसा ठेवू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

शरीर लोह कसं वापरतं हे इथे समजून घेण्यासारखं आहे. मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, पण आतड्यातून आपण रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच शोषतो. बाकी सगळं येतं जुन्या पेशींमधून. म्हाताऱ्या तांबड्या पेशी पानथरीत आणि यकृतात महाभक्षी पेशी गिळतात, लोह सुटं करतात आणि परत मज्जेकडे पाठवतात. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र शरीरात नाही. म्हणून आतड्याच्या दारावरच नियंत्रण आहे: यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि शोषण कमी-जास्त करतं. थॅलेसेमियात मज्जा जोरात काम करत असल्याने हे नियंत्रण सैल पडतं आणि गरज नसताना लोह आत येतं. साठा भरलेला असताना वर्षानुवर्षं गोळ्या घेणं त्यामुळे नुसतं निरुपयोगी नाही, अयोग्यही आहे.

फेरिटिन कमी निघालं तर लोह घ्यायलाच हवं, मायनर असलात तरीही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घ्या, चहा-कॉफीबरोबर घेऊ नका. लोहाचीच कमतरता असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एखाद-दोन ग्रॅमने चढायला हवं. गोळ्या नीट घेऊनही चढलं नाही, तर मात्रा वाढवत बसण्यापेक्षा पुढच्या चाचणीला जा. आणि गरोदर असाल तर हे वाचून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आधी फेरिटिन आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी), मग डॉक्टरांशी बोलून निर्णय.

एचपीएलसी कशी मागायची, कशी वाचायची

काउंटरवर नुसतं ‘एचपीएलसी’ किंवा ‘एचबीए’ म्हणालात तर मधुमेहाची एचबीए१सी होऊन हातात येण्याची शक्यता असते, कारण तीही अनेक ठिकाणी याच यंत्रावर करतात. स्पष्ट म्हणा: ‘थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिन व्हेरियंटची एचपीएलसी.’ काही लॅबच्या यादीत ती हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाखाली असते. सोबत त्याच दिवसाची सीबीसी हवी.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ए, ए२ आणि एफ असे तीन टक्के असतात. बघायचा तो ए२. त्यात बीटाऐवजी डेल्टा साखळी असते. बीटा कमी पडली की ए२ चा वाटा वाढतो. निरोगी माणसात तो ३.५ टक्क्यांच्या खाली, बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात साधारण ४ ते ६. याच आलेखात सिकलचं एस, तसंच डी, ई हे प्रकारही पकडले जातात.

३.३ ते ३.९ च्या आसपास अडकलेला ए२ डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडू नका. लोहाची मोठी कमतरता ए२ ला थोडं खाली ओढते, बी१२ ची कमतरता वर ढकलू शकते. ती भरून काढून पुन्हा चाचणी करावी लागते, किंवा थेट डीएनएची. एमसीव्ही कमी, फेरिटिन ठीक आणि ए२ ही ठीक, असं असेल तर अल्फा थॅलेसेमियाची शक्यता उरते, तीही डीएनएवरच कळते. तान्ह्या बाळात ही चाचणी करून घेण्याची घाई नको. गर्भातलं हिमोग्लोबिन एफ मागे पडून ए२ स्थिरावायला निदान वर्ष जातं.

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांवर आणि गर्भातल्या निदानावर तिथे अनेक वर्षांचं काम आहे. ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरलं की चालत जाता येतं. पहिल्या चाचण्यांसाठी तेवढं जायची गरज नसते. ठाण्याचं सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय इथे आधी चौकशी करा, सोय नसेल तर ते कुठे पाठवतात ते लिहून घ्या.

जनुकाचं गणित

बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, त्यामुळे या जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अल्फाची जनुकं १६ व्या गुणसूत्रावर, एकूण चार. बीटाची एक प्रत बिघडली तर दुसरी काम चालवून नेते, तो मायनर. दोन्ही बिघडल्या तर मेजर.

बिघाड केवढासा असतो ते बघा. भारतात सर्वांत जास्त आढळणाऱ्या बदलात, जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधल्या पाचव्या जागी डीएनएच्या जी या अक्षराऐवजी सी असतं. एक अक्षर. इंट्रॉन हा आरएनएमधून कापून टाकायचा भाग, पण कुठे कापायचं ती खूण त्या अक्षराने पुसट होते, कापणी चुकते आणि बीटा साखळी फारच थोडी बनते. सिंधी कुटुंबांत बऱ्याचदा वेगळा बदल दिसतो, त्यात जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. मेजर मुलात जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या मज्जेतल्या कोवळ्या पेशींत साचतात आणि त्या पेशी रक्तात पोचण्याआधीच मरतात.

वाहक स्त्री आणि वाहक पुरुष. अर्धसूत्री विभाजनात प्रत्येकाच्या बीजपेशीत एकच प्रत जाते, चांगली किंवा बिघडलेली. चार घरांचा चौकोन काढा, वर बाबांच्या दोन प्रती लिहा, बाजूला आईच्या. एका घरात दोन्ही चांगल्या, दोन घरांत एकेक, एका घरात दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, मायनर ५०, पूर्ण निरोगी २५.

इथे घरोघरी एक घोटाळा होतो. पहिलं मूल मेजर झालं, आता पुढची तीन सुरक्षित, असं लोक धरून चालतात. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणात चौकोन नव्याने मांडला जातो, शक्यता पुन्हा २५ टक्केच. तीन मुलं होऊन एकही मेजर नसण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. मेजर मुलाच्या निरोगी भावंडाचं गणितही वेगळं पडतं: मेजरचं घर वगळलं की तीन घरं उरतात आणि त्यातली दोन मायनरची, म्हणून ते भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन.

जोडीदारांपैकी एकच वाहक असेल तर मूल मेजर होत नाही, फार तर मायनर. अशा लग्नाला काहीच हरकत नाही, आणि केवळ मायनर आहे म्हणून स्थळ नाकारणं हा अन्याय आहे. मात्र जोडीदाराच्या रिपोर्टमध्ये फक्त ए२ बघून थांबू नका. एक थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकल किंवा ई चा, अशा जोडीतही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो.

दोघंही वाहक निघाले तर

वेळेचा हिशेब महत्त्वाचा. आदर्श क्रम असा: लग्न ठरण्याच्या आसपास किंवा मूल हवं असं ठरवताना दोघांची सीबीसी आणि एचपीएलसी, मग दोघांच्या जनुकातला नेमका बदल शोधणं. हे आधी झालेलं असेल तर गर्भाची तपासणी सोपी होते, कारण काय शोधायचं ते ठाऊक असतं. दिवस राहिल्यावर पहिल्यांदा कळलं तर नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात करा. बाईचे रिपोर्ट येऊन पडतात आणि नवऱ्याला सुट्टी मिळत नाही, यात मौल्यवान आठवडे जातात.

११ ते १३ आठवड्यांदरम्यान वारेचा बारीक नमुना घेऊन डीएनए तपासतात. ती वेळ हुकली तर १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून समजून घ्या. १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्यात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी या तपासणीला परवानगी आहे, गर्भाचं लिंग विचारणं किंवा सांगणं मात्र गुन्हा आहे. गर्भ मेजर निघाला तर पुढे काय, हा निर्णय त्या जोडप्याचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, त्यापुढे नियम कडक होतात. प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीच तपासून निवडण्याचा मार्गही आहे, पण तो खर्चिक.

आणि ज्या घरात मेजर मूल आहे, त्यांनी हार मानण्याचं कारण नाही. नियमित रक्त आणि साचलेलं लोह बाहेर काढणारी औषधं वेळेवर मिळाली तर ही मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं, म्हणून औषधं चुकवून चालत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बराही होतो, सख्ख्या भावंडाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची खूण) जुळण्याची शक्यता चारात एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा.

घरात एक वाहक सापडला की कोणाला फोन करायचा

आधी सख्खी भावंडं, त्यांची शक्यता निम्मी. मग आई-वडील, म्हणजे जनुक कोणत्या बाजूने आलं ते कळतं. वडिलांकडून आलं असेल तर काका, आत्या आणि त्यांची मुलं. आईकडून असेल तर मामा, मावशी आणि त्यांची. त्यातही लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच गरोदर असलेल्या मुलीचा नंबर सगळ्यात वर. सांगताना ‘आजार’ हा शब्द वापरू नका, नाहीतर पुढचं कोणी ऐकत नाही. आपला रिपोर्ट पाठवा, त्यातल्या ए२ वर खूण करा आणि म्हणा, ‘तुझी जुनी सीबीसी काढ आणि एमसीव्ही किती आहे तेवढं सांग.’ तो ८० च्या वर आणि एमसीएच २७ च्या वर असेल तर बीटा मायनर असण्याची शक्यता फार कमी. पण लग्न किंवा बाळाचा विषय असेल तर अशा भावंडाचीही एचपीएलसी एकदा करून घ्या, कारण सिकलच्या वाहकाचा एमसीव्ही अनेकदा अगदी नॉर्मल असतो.